इतर नावाची ओळ

डोळा लागतोय आणि लागत नाहीये, अशी ती वेळ. दुपारची. पंखा फिरतोय, पण वारा नुसता डोक्यावरून जातोय. यशोधन मगदूम खुर्चीत मागं रेललाय आणि समोरच्या लॅपटॉपकडं बघतोय. पडद्यावर एक तक्ता आहे. तक्त्यात एक ओळ मोकळी आहे. त्या ओळीचं नाव 'इतर'.

पाच वाजता बोर्डाची मीटिंग आहे, वर्षाचे आकडे मंजूर करून बाजाराला कळवायला. त्याआधी ती ओळ भरायची आहे.

आता हे 'इतर' काय प्रकरण आहे ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

यशोधन ज्या कंपनीत अकाउंट्सला आहे ती सारजा इंडस्ट्रीज. जयसिंगपूरच्या बाहेर, रस्त्याला लागून. सारजा घरघंटी माहीत नाही असं घर त्या भागात सापडायचं नाही. मालकांनी आपल्या आईचं नाव दिलं होतं यंत्राला. कितीतरी वर्षं नुसत्या घरघंट्याच विकल्या, चांगल्या विकल्या. मग कंपनी शेअर बाजारात आली आणि मालकांना वाटायला लागलं, एकाच धंद्यावर कशाला बसायचं? उद्या लोक तयार पीठ आणायला लागले तर? आता यात चुकीचं काही नव्हतं. मग हॉटेल काढलं. मग मंगल कार्यालय. पाण्याच्या बाटल्या. इंग्लिश मीडियम शाळा. सोलर पंप. शेवटी हॉस्पिटल.

आणि शेअर? तो कधी दचकलाच नाही. बाकीच्या कंपन्यांचे शेअर वर जायचे, आपटायचे, परत उठायचे. सारजाचा आपला वारा नसलेल्या देवघरातल्या समईसारखा. सरळ. थोडाथोडा वर. लोकांना त्याचंच कौतुक. "सारजा म्हणजे एफडी," म्हणायचे. आधी कामगारांना मिळाले, त्यांचं बघून शेजाऱ्यांनी घेतले. यशोधनच्या गल्लीत कुणाच्या पोरीचं लग्न त्या शेअरवर धरलंय, कुणाच्या आईचा गुडघा. त्याच्या स्वतःच्या आईनं घराचा वरचा मजला धरलाय. जिन्याची जागा पण ठरवून ठेवलीय बाईनं.

तो शेअर दचकत का नाही, हे यशोधनला तीन वर्षांत कळलंय. हॉटेल बुडायला लागलं तेव्हा तिथले पगार शाळेत दाखवले. शाळेतली पोरं कमी झाली तेव्हा बसचं डिझेल सोलरमध्ये टाकलं. हॉस्पिटलचं तर विचारूच नका. त्याचा जनरेटर, त्याची मशिनं, त्याचे डॉक्टर, सगळं हळूहळू घरघंटीच्या पोटात. इकडं खड्डा पडला की तिकडची माती. बाहेरून बघणाऱ्याला जमीन सपाट.

आणि आता घरघंटीचाच खप उतरलाय. तिकडची माती संपलीय.

जेवणानंतर शहापुरे साहेब येऊन गेले. कंपनीचा सगळा हिशेब त्यांच्या सहीनं चालतो. माणूस वाईट नाही. पोरांना सुट्टी देतो, नाव घेऊन हाक मारतो.

"यशोधन, यावेळी सुटसुटीत करू. वर घरघंटी, खाली इतर. दोन ओळी. हॉटेल, शाळा, हॉस्पिटल, पाणी, सोलर, कार्यालय, सगळं इतरमध्ये."

"सर, पण हॉस्पिटलचं एवढं मोठं आहे..."

"पाण्याचा नफा आहे की. कार्यालयाचा आहे. त्यात मुरतंय. पुढच्या वर्षी हॉस्पिटल उचलेल."

"नाही उचललं तर?"

"तू काय ज्योतिषी आहेस काय?" साहेब हसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली. "ऑडिटरचं मी बघतो. तू पाचच्या आत बोर्डाच्या सगळ्यांना मेल करून टाक. मी मालकांकडं जाऊन येतो."

म्हणजे हे असं आहे. ती ओळ भरली की गल्लीला अजून एक वर्ष काही कळणार नाही. नाही भरली, सगळं वेगवेगळं मांडलं, तर उद्या सकाळी शेअर पडणार, आणि यशोधनची नोकरी बहुतेक त्याच्या आधी. तो बघतोय त्या मोकळ्या ओळीकडं. ओळीतली रेघ लुकलुकतेय. पंख्याचा आवाज घरघंटीसारखा यायला लागलाय, घर्र, घर्र, कुणीतरी आत दाणे टाकतंय...

"जेवलास काय?"

साहेबांच्या खुर्चीत पद्माआत्ती बसलीय.

पद्माआत्ती म्हणजे यशोधनच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परत आली आणि सारजाच्या गेटसमोर खानावळ घातली. यशोधन तिच्या चुलीपाशीच मोठा झाला. गेल्या दिवाळीनंतर ती वारली. हे त्याला आत्तासुद्धा माहीत आहे, स्वप्नातसुद्धा. फक्त तिला ते सांगायचं नाही, एवढंच त्याला वाटतंय. तिला वाईट वाटेल.

"जेवलो," तो म्हणतो.

"खोटं."

"थोडं जेवलो."

"आता कसं." ती हसत नाही. तिच्या मांडीवर एक पातेलं आहे. झाकण घातलेलं, वर पदर ओढलेला. थंडीत पोराला घेऊन बसतात तशी ती बसलीय.

"काय आहे गं त्यात?"

"चल," ती म्हणते. "कोणतरी यायला लागलंय."

ती उठते आणि कपाटाचं दार उघडून आत जाते. तो मागं जातो. कपाटात फायली नाहीत. कपाटात सारजा हॉटेलचा हॉल आहे, झुंबर आहे, गालिचा आहे, आणि गालिच्याच्या मधोमध खानावळीतली चूल पेटलीय. धूर झुंबराला लागतोय. टेबलावर कुणीही नाही. सगळ्या टेबलांवर 'राखीव' लिहिलेल्या पाट्या.

मागून आवाज येतोय. ताटांचा. स्टीलची ताटं एकमेकांना लागतात तसा. पुष्कळ माणसं हातात ताटं घेऊन चालल्यासारखी.

"कोण आहेत आत्ती?"

"जेवणारी." ती पातेलं चुलीवर ठेवते, कान देऊन ऐकते, परत उचलते. "हितं नको. पुढं चल."

"तुझा हात भाजेल."

"भाजायचा होता तेव्हा भाजला."

स्वयंपाकघराचं झुलतं दार ढकललं की शाळेचा वर्ग लागतो. बाकं लहान, पहिलीची. फळ्यावर तोच तक्ता, खडूनं. आत्ती बाकात बसायला बघते, बसता येत नाही, उभीच राहते. तिला धाप लागलीय. तो म्हणतो, आण इकडं, मी धरतो. ती पातेलं आणखी पोटाशी घेते.

आणि मग त्याला वास येतो. अगदी पुसट. आंबूस.

"आत्ती, हे कधीचं आहे?"

ती फळ्याकडं बघत राहते.

"आत्ती."

"कालचं."

त्याच्या अंगावर काटा येतो. आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटेल, कालचं तर कालचं, त्यात काटा काय यायचा? पण मगदूमांचं घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि शिजलेलं रात्रीला ठेवायचं नाही, हे त्या घरात श्वासासारखं. आत्तीचं तर त्याहून कडक. रोज सांजेला ती खानावळीतलं एकूण एक पातेलं बाहेर कट्ट्यावर आणायची. उरलेलं गुरांना. पातेली घासायची आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत कट्ट्यावर पालथी घालायची, ओळीनं. बघा, काही राहिलं नाही. कारखान्यातनं सुटलेली माणसं ती ओळ बघूनच दुसऱ्या दिवशीचा डबा सांगायची. त्या बाईच्या पोटाशी कालचं पातेलं.

"तू शिळं ठेवलंस?"

"ठेवलं."

"कालचं नाही हे. जास्ती दिवसांचं आहे."

"असेल. आठवत नाही रे मला." ती पदरानं कपाळ पुसते. "आधी एवढंसं होतं. वरणातलं बिघडलं म्हणून आमटीत घातलं. आमटीतलं भाजीत. भाजीतलं थालीपिठाच्या पिठात. प्रत्येकात थोडं थोडं. कुणाच्या नाकाला गेलं नाही."

"लोकांनी खाल्लं?"

"आवडीनं खाल्लं. म्हणाले, मावशी, तुमच्या हातची चव कशी बदलत नाही."

ताटांचा आवाज वर्गाच्या दाराशी आलाय. दाराच्या काचेतनं सावल्या दिसतात. आत्ती त्याचं मनगट धरते. तिचा हात गार आहे, पण ओला, पीठ मळताना असतो तसा. ती त्याला खिडकीतनं बाहेर काढते आणि खिडकीबाहेर हॉस्पिटलचा लांबच लांब पॅसेज आहे. नवीन रंगाचा वास. एकही पेशंट नाही. खाटा मात्र सगळ्या घातलेल्या, चादरी ताणलेल्या.

पॅसेजच्या दोन्ही बाजूंना दारं. प्रत्येक दारापाशी एकेक माणूस जेवायला बसलाय. भुईवर, मांडी घालून, ताट पुढ्यात. यशोधन सगळ्यांना ओळखतो. आत्तीची रोजची गिऱ्हाइकं ती. होमिओपॅथीच्या गोळ्या देणारे चौगुले डॉक्टर. हाडं बसवणारा तवनाप्पा. मेडिकलच्या दुकानातला धनू.

आत्ती पहिल्यापाशी थांबते. "ह्यांना मी पायाची सूज सांगितली. उभं राहून राहून येते म्हणाले. गोळ्या दिल्या गोड गोड."

दुसऱ्यापाशी. "ह्याला खांदा. डावा. पातेली उचलून भरला म्हणाला. तेल लावून चोळून दिला, पैसे घेतले नाहीत. चांगलं पोरगं."

तिसऱ्यापाशी. "धनूला धाप सांगितली. चुलीचा धूर, मावशी, म्हणाला. पट्टी भरून गोळ्या दिल्या."

ती माणसं वर बघत नाहीत. जेवतायत. घास तोंडाकडं नेतायत आणि ताटातलं कमी होत नाहीये.

"आणि झोप लागत नव्हती ते?" यशोधन विचारतो. घरच्यांना हे नंतर कळलेलं. एकेक करून, तेराव्याला जमलेल्या माणसांकडनं. एक म्हणाला, मला पाय सांगितला होता. दुसरा म्हणाला, मला तर खांदा. सगळे एकमेकांकडं बघायला लागले होते.

"ते देवळातल्या पंडितांना सांगितलं. जप दिला त्यांनी."

"सगळं एकाच डॉक्टरला का नाही सांगितलंस आत्ती? एकाला! मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तास पण लागला नसता. सूज, खांदा, धाप, कुणी पण हातात हात घेऊन सांगितलं असतं की काळजाचं दुखणं आहे म्हणून."

"म्हणूनच की."

"म्हणून काय?"

"एकाला सगळं सांगितलं असतं तर तो घाबरला असता. खानावळ बंद करा म्हणाला असता. मग?" ती चालायला लागते, हळू, भिंतीला हात लावत. "आणि ही सगळी रोजची माणसं. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, तर रुसतात. ज्याला त्याला त्याच्या वाटणीचं दिलं."

पॅसेज संपतच नाहीये.

"तुला फोनवर काय सांगितलं होतं मी?" ती मागं न बघता विचारते.

"पोटात गॅस झालाय."

"हां. तुझ्या वाटणीला गॅस."

यशोधनला ती सकाळ आठवते. कणीक मळता मळता ती बाजूला कलली. परातीत हात तसाच. शेजारपाजारचे धावत आले आणि सगळे एकच वाक्य बोलत होते. काल तर ठणठणीत होती. काल तर हसत होती. कालपर्यंत काहीच नव्हतं हो.

"होतं," आत्ती म्हणते. त्यानं मोठ्यानं म्हटलेलं नसतानाही. "कालपर्यंत सगळं होतं. एका ठिकाणी नव्हतं एवढंच."

"मग दहा पातेली ठेवायचीच नाहीत का? एकच ठेवायचं?"

आता ती वळते. पहिल्यांदाच तिच्या आवाजात खानावळ येते. "खुळा काय तू? एकाच पातेल्यावर खानावळ चालते होय? आमटी नासली तर माणसं भाजीवर जेवतात, म्हणून तर दोन करायची. भाजी करपली तर झुणका. दहा असू देत. वीस असू देत. माझी काय तक्रार नाही पातेल्यांबद्दल." ती धापा टाकते. "पण नासलं ते नासलं म्हणायचं. सगळ्यांदेखत ओतायचं. शिव्या देतात. देऊ देत. एखादा दुसरीकडं जातो जेवायला. चार दिवसांनी परत येतो."

"नाही आला तर?"

"तू काय ज्योतिषी आहेस काय?"

तो दचकतो. आवाज तिचाच आहे, वाक्य तिचं नाही.

पॅसेज मंगल कार्यालयात उघडतो. कधी उघडला कळत नाही. मोठा हॉल, सनई लावलीय पण आवाज येत नाहीये, नुसता स्पीकर थरथरतोय. आणि पंगत बसलीय. ती ताटं वाजवत मागं येणारी माणसं इथं त्यांच्याआधी येऊन बसलीत. अख्खी गल्ली. गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या बिरनाळेकाकू पाय लांब करून. लग्नाची पोरगी मुंडावळ्या बांधून, एकटीच, नवरा नाही. कारखान्याचे कामगार, कामाच्या कपड्यांत. सगळ्यांपुढं ताटं, ताटं रिकामी, आणि सगळे यशोधनकडं बघतायत. पंगतीच्या शेवटी त्याची आई आहे. तिच्या मागं एक जिना आहे. तो वर जातो आणि छतापाशी नुसताच थांबतो.

आत्ती पातेलं त्याच्या हातात देते. केवढं जड. एवढं जड ती कसं काय उचलत होती?

"वाढ," ती म्हणते.

"हे? हे नासलंय आत्ती."

"मला नेता येत नाही आता पुढं. खोल्या संपल्या."

त्याला कळतं. मागं हॉस्पिटल, त्याच्या मागं शाळा, त्याच्या मागं हॉटेल. पुढं दार नाही. इतके दिवस एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत नेलं, आता जे काय आहे ते इथं, या ताटांत, सगळ्यांना एकाच वेळी.

"वाढ की रे," त्याची आई म्हणते. गोड आवाजात. "किती वेळ बसायचं?"

"आई, थांब."

"सारजाचं जेवण आहे. पक्कं असतंय."

पंगत हसते. सगळी माणसं एकदम हसतात आणि एकदम थांबतात.

"आत्ती, काय करू?"

"आधी हात घाल," आत्ती म्हणते. ती आता त्याच्या पाठीशी उभी आहे, तिचा श्वास त्याच्या मानेला लागतोय. "झाकण काढ आणि हात घाल. तळाला काय आहे ते तरी बघ. कुणी बघितलं नाही अजून."

तो झाकण काढतो. पिवळं. घट्ट. वर साय धरल्यासारखी. वास असा येतो की डोळे मिटतात. तो उजवा हात घालतो. कोमट आहे. मनगट आत जातं, मनगटाच्या वर जातं. पातेलं बाहेरून एवढं खोल नाही. बोटांना आधी काहीच लागत नाही. मग लागतं.

मुठीएवढं काहीतरी. मऊ. गरम. ते हलतंय. एकदा. थांबतं. परत एकदा. मग खूप वेळ थांबतं. मग दोनदा, घाईघाईनं.

"हे काय आहे?" तो विचारतो, पण त्याला माहीत आहे.

"माझंच आहे," आत्ती म्हणते. "दाबू नकोस."

"मी वर काढू?"

"काढ की. बघू देत सगळ्यांना. घाबरतील. पण चालू आहे तोवर घाबरू देत."

तो बोटं खाली घालतो, सावकाश, पोरगं उचलावं तसं. पंगतीतली माणसं एकेक करून उठायला लागतात. ताटं खाली पडतात. एक, दोन, मग धडाधड सगळी. त्या आवाजात आत्ती काहीतरी म्हणते. त्याला फक्त शेवट ऐकू येतो.

"...मावळायच्या आत."

आणि तो खुर्चीत आहे.

पंखा बंद पडलाय. वीज गेलीय. खिडकीतनं ऊन तिरपं आत आलंय आणि टेबलावर पडलंय. लॅपटॉपचा पडदा काळा झालाय. यशोधनचं काळीज इतक्या जोरात उडतंय की त्याला आधी वाटतं, ते अजून हातातच आहे.

तो एक कळ दाबतो. तक्ता उजळतो. 'इतर'ची ओळ तशीच मोकळी. रेघ लुकलुकतेय.

तो ती ओळ काढून टाकतो.

मग लिहायला लागतो. हॉटेल. शाळा. पाणी. सोलर पंप. मंगल कार्यालय. हॉस्पिटल. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्यापुढं. शाळेत लपवलेले हॉटेलचे पगार परत हॉटेलात, सोलरमधलं डिझेल परत शाळेच्या बसमध्ये. घरघंटीच्या पोटातनं हॉस्पिटल बाहेर काढताना तो आकडा दोनदा तपासतो, कारण आकडा त्याला माहीत असला तरी त्यानं तो असा एका जागी, उघडा, कधी बघितलेला नाही. कुणीच बघितलेला नाही. ते काढल्यावर जी राहते ती घरघंटी अजून चालू आहे. रोडावलीय, पण चालू आहे. पाणी चांगलं चाललंय. कार्यालय चांगलं चाललंय. हॉस्पिटल आज बंद केलं किंवा विकलं तर कंपनी जगते, हे त्या तक्त्यात कुणालाही दिसतंय. अजून दोन वर्षांनी दिसलं नसतं.

बोर्डाच्या सगळ्यांची नावं. ऑडिटरचं नाव. तो मोबाइलवरनं इंटरनेट जोडतो आणि पाठवतो.

पाठवल्यावर त्याला आईचा जिना आठवतो. तो डोळे मिटून घेतो.

शहापुरे साहेब जिन्यावरनंच बोलत येतात. फोन त्यांच्या हातात आहे, चेहरा पांढरा पडलाय.

"यशोधन, हे काय पाठवलंस?"

"तक्ता, सर."

"चुकून गेलाय ना? चुकून गेला म्हणून दुसरा मेल टाक. आत्ता. लगेच."

"चुकून नाही, सर."

साहेब दारातच उभे. ओरडतील असं वाटतं, पण ओरडत नाहीत. "उद्या बाजार उघडला की काय होणार माहीत आहे?"

"पडेल."

"तुझ्या आईकडं पण आहेत ना रे?"

"आहेत, सर. आजूबाजूला सगळ्यांकडंच आहेत."

"मग?"

"थोडं पडेल, सर. आत्ताच पडलं तर थोडं पडेल. अजून एक वर्ष असंच नेलं असतं तर..." तो लॅपटॉप मिटतो. "एकदम गेलं असतं. आणि लोक म्हणाले असते, कालपर्यंत तर काहीच नव्हतं."

साहेब खुर्ची ओढून बसतात. त्यांचीच खुर्ची. मग म्हणतात, "मला झोप नव्हती तीन महिने." आणि असं म्हणाल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं ते दुसरीकडं बघतात. "उद्यापासून येऊ नकोस, यशोधन. मला तसं सांगावं लागणार. कळतंय ना?"

"कळतंय, सर."

"आणि मालकांपुढं असा जाऊ नकोस. हात धू आधी. कुठं बुडवलास हा?"

यशोधन खाली बघतो.

उजवा हात पिवळा आहे. बोटं, तळवा, मनगट, आणि मनगटाच्या वर चार बोटं एक सरळ रेघ, पाणी चढून उतरल्यासारखी. वाळून कडक झालंय. मूठ वळली की त्वचा ओढली जाते. दुपारी त्यानं दहीपोहे खाल्लेले. पांढरे. चमच्यानं.

तो बाहेरच्या बेसिनपाशी जातो, नळ सोडतो. पाणी गार आहे. नुसत्या पाण्यानं काही जात नाही. तो साबण घेतो आणि चोळायला लागतो.

हळदीला साबण लागला की काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. बोटांच्या टोकांपासून सुरू होतं. बघता बघता सगळा हात, थेट त्या रेघेपर्यंत, लालभडक.